नुरिसचा गोवर

काकूचा दात.

ओली बस.

जावई आला, डोळे मिट.

पंखा विकणे आहे.

पोस्टमनची दुसरी बायको.

नुरिसचा गोवर.

ही गाणी आहेत. अशी बारा हजार, एका हार्ड डिस्कवर, आणि एकाचंही नाव खरं नाही. बारांकिया शहरातले पिकोवाले भिंतीएवढे स्पीकर रस्त्यात मांडून गल्ली नाचवतात. दुसऱ्या पिकोला गाणं सापडू नये म्हणून पूर्वी ते रेकॉर्डवरचं लेबल नाण्यानं खरवडून टाकायचे आणि गाण्याचं आपल्या मनानं बारसं करायचे. आता लेबलं राहिली नाहीत. बारसं राहिलं.

रविवार, दुपारचे साडेतीन. पाच वाजता 'विंचू' आणि 'नोटरी' हे दोन पिको सामन्याला समोरासमोर उभे राहणार होते. विंचूचा जुना लॅपटॉप गुरुवारी मेला होता, आणि नव्यावर गाणी कुठल्या प्रोग्रॅमवर लावायची हे नुरिसचं अजून ठरत नव्हतं. तिचा बाप, विंचूचा मालक अर्नुल्फो, शेजारी खुर्चीत. मोतीबिंदूमुळे पडदा म्हणजे त्याला नुसता उजेड. तो नाव सांगणार, तिनं तीन सेकंदांत गाणं लावायचं. चौथ्या सेकंदाला गर्दी शिट्या मारते.

पहिला प्रोग्रॅम. गाण्याचं नाव पंज्याएवढ्या अक्षरांत. "समोरच्या गच्चीवरून वाचतील," नुरिस म्हणाली. बाद.

दुसरा. उघडायलाच वीस मिनिटं. दिसायला सरकारी फॉर्मसारखा. बाद.

तिसरा.

"ओली बस," अर्नुल्फो म्हणाला.

तिनं दोन अक्षरं टाइप केली आणि गाणं सुरू झालं.

"हाच घे!"

तेवढ्यात नोटरीचा आर्खेमिरो दारात. सामन्याआधी समोरच्याला भेटायला यायची रीत आहे. भेटायला म्हणजे गाणी हेरायला, हे सगळ्यांना माहीत असतं.

"अर्नुल्फोसाहेब! अजून आहात? फुलं आणली नाहीत ते बरं झालं."

"तुझ्या नोटरीला सांग, कोरा कागद घेऊन ये. त्याचंच मृत्युपत्र करायचंय आज."

आर्खेमिरो हसला आणि टेबलाला वळसा घालून यायला लागला. पडद्यावर प्रोग्रॅम काहीतरी विचारत होता. गाण्यांची माहिती चुकीची वाटते, दुरुस्त करू का? नुरिसचं एक लक्ष आर्खेमिरोकडे. न वाचताच तिनं 'हो' दाबलं.

काकूचा दात गेला. त्या जागी एक लांबलचक परकं नाव आलं, पुढे साल. ओली बस गेली. पोस्टमनची बायको गेली. प्रोग्रॅम एकेक गाणं ऐकत होता, इंटरनेटला विचारत होता आणि खरं नाव लिहीत होता.

तिनं मोबाईलची वायर उपटली. इंटरनेट तुटलं. एक्केचाळीस नावं तोवर बदलली होती. एक्केचाळिसावं, निळ्या पट्टीखाली चमकत असलेलं, नुरिसचा गोवर.

विंचू प्रत्येक सामना याच गाण्यानं उघडतो. इतक्या वर्षांत शहरातल्या एकाही पिकोला ते सापडलं नाही. सापडलं, तर सोमवारी प्रत्येक बसमध्ये वाजेल. मग विंचूपुढे येऊन कोण कशाला उभं राहील?

आर्खेमिरो दोन पावलांवर. हातात फोन. "काय गं, चेहरा का पडला?"

तिनं लॅपटॉप अर्धा मिटला.

"पापा, नावं बदलली यानं. काही काही."

"गोवर?"

"तोसुद्धा."

अर्नुल्फो खुर्चीतून अर्धवट उठला. "त्या जागी काय लिहिलंय? वाच."

नुरिसनं बापाकडे पाहिलं. मागे उभ्या माणसाची त्याला पुरती कल्पना होती. गाण्याबद्दल परक्यासमोर अवाक्षर न काढणारा हा माणूस, आणि आर्खेमिरोच्या देखत विचारतोय? मग तिच्या ध्यानात आलं. ती मनातल्या मनात हसली. फटीतून पाहत, एकेक अक्षर लावत वाचल्यासारखं करून तिनं जे तोंडाला येईल ते सांगितलं: "'माकेंगो, भाग दोन'. एकोणऐंशी."

आर्खेमिरोचा अंगठा फोनवर फिरला. "बरं, निघतो. मी आपला सहज आलो होतो." पुढे केलेल्या खुर्चीवर न टेकताच तो गेला.

त्याची मोटरसायकल कोपऱ्यावर वळली.

"काय नाटक केलंत, पापा! क्षणभर मलाच खरं वाटलं."

"आणि खरं काय लिहिलंय?"

तिची बोटं चालूच होती. "पुसलं की. तुमचंच नाव परत घातलं. हा चोंबडा प्रोग्रॅमही काढून टाकला. तो सरकारी फॉर्मच बरा. उघडायला मंद आहे, पण तोंड बंद ठेवतो."

"वाचलं असशील ना पण?"

"पाच शब्द होते, आफ्रिकेतल्या कुठल्या तरी भाषेतले. कोण लक्षात ठेवतंय? तुम्हाला तर पाठच असणार."

अर्नुल्फो परत खुर्चीत बसला.

"हो," तो म्हणाला. "बरं केलंस."

"उरलेली चाळीस दोन-दोन सेकंद वाजवते. तुम्ही नावं सांगा. पटापट हं."

पाचला विंचूनं सामना गोवरानंच उघडला. पहिल्या सुरालाच गल्लीनं हात वर केले. अर्नुल्फो स्पीकरला तळवा लावून उभा होता.

एकोणीसशे शहाऐंशीच्या मार्चमध्ये, नुरिसला गोवर आला त्या आठवड्यात, त्यानं बंदरावर एका खलाशाकडून ती रेकॉर्ड घेतली. तिचं लेबल आधीच खरवडलेलं होतं.