शंभर वर्षांच्या आतलं

समुद्रातल्या जुन्या किल्ल्याचं राष्ट्रीय स्मारक व्हायचं होतं, म्हणून भिंती साफ करायचं काम त्याच्याकडे आलं. साहेबांचा नियम सोपा होता. शंभर वर्षांहून जुनं कोरलेलं असेल तर तो वारसा, त्यानंतरची सगळी घाण. त्याने कोठड्यांमधले बदाम, बाण, नावंगावं घासघासून भिंती लख्ख केल्या. समुद्राकडच्या कोठडीत खिडकीखाली एक ओळ होती, ती खरवडताना तर त्याला हसूच फुटलं. "घ्या! सहलीला आलाय आणि आईची आठवण काढतोय!"

उद्घाटनाच्या दिवशी एक म्हातारी काठी टेकत थेट त्याच कोठडीत शिरली आणि खिडकीखालची भिंत चाचपत बसली.

"काय शोधताय, मावशी?"

"माझ्या मुलाचं अक्षर. मधे किल्ला बंद होता ना, तेव्हा पोरांना पकडून इथे डांबलं होतं. आता विचारलं की सगळे कानांवर हात ठेवतात. म्हणे, इथे कुणी नव्हतंच! सुटून आलेला एक जण म्हणाला, या खिडकीखाली त्याने काहीतरी कोरलंय. मी अक्षर ओळखलं असतं रे. तो इथे होता, एवढं तरी सिद्ध झालं असतं. पण भिंत तर कोरीच आहे." तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "काय लिहिलं असेल त्याने?"

ती ओळ त्याला तोंडपाठ होती.

 

"आई, मी इथे आहे."