सरकलेला ठिपका

“मृदुला, हा ठिपका सरकलाय बघ,” चहाचा कप ठेवता ठेवता तिचे सासरे, अण्णा, म्हणाले. त्यांची अख्खी नोकरी जमीनमोजणीत गेलेली. हद्दीचा दगड वीतभर हलला तरी त्यांना लांबूनच कळायचं.

लॅपटॉपवर आपल्या आकाशगंगेशेजारच्या दीर्घिकेचे दोन फोटो होते, दोन्ही एका अवकाश दुर्बिणीच्या ऑनलाइन संग्रहातले. एक पंधरा वर्षांपूर्वीचा, एक यंदाचा. त्यांत दोनशे बारा तरुण तारकागुच्छ तिने तीन वर्षं खपून हुडकले होते. सर्वांत तेजस्वी गुच्छावर तर तिचा शोधनिबंध उभा होता, आणि अण्णांचं बोट नेमकं त्याच्यावरच होतं.

तिने मोजून पाहिलं. ठिपका खरंच केसभर सरकला होता. इतक्या लांबचा गुच्छ पंधरा वर्षांत हललेला दिसणं शक्यच नव्हतं. म्हणजे तो गुच्छ नव्हताच. तो आपल्याच आकाशगंगेतला, कितीतरी जवळचा एक तारा होता.

तिचा उतरलेला चेहरा पाहून अण्णा ओशाळले. “राहू दे गं, माझे डोळे अधू झालेत.”

मृदुलाने यादीतलं पहिलं नाव खोडलं आणि शेजारी खुर्ची ओढली.

“बसा, अण्णा. अजून दोनशे अकरा दगड तपासायचेत.”