फुंकर

“फुंकू नकोस म्हटलं ना!” तेत्सुजी ओरडला.

उदोनच्या, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांच्या, दुकानातली दोन-चार डोकी वळली. समोर नाओ गाल फुगवून बसली होती. हातातला वाफाळता वाडगा तिचा नव्हता, बापाचा होता. बाप ओरडत असतानाच तिने आणखी दोन फुंकरा घातल्या आणि वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

“खा आता. निवलंय.”

“अक्कल गहाण टाकलीस का? उद्या ऑपरेशन आणि आज फुंकत बसलीस? सातव्या वर्षी काय झालं होतं, विसरलीस?”

“तुम्ही विसरू द्याल तर ना.”

सातव्या वर्षी अशाच एका वाडग्यावर फुंकता फुंकता पोरगी आडवी झाली होती. अर्धं अंग लुळं पडलं. मोयामोया, डॉक्टर म्हणाले. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या आवळत जातात आणि त्यांच्या बुडाशी केसाएवढ्या वाहिन्यांचं जाळं उगवतं. तपासणीत ते जाळं धुरासारखं दिसतं. जोरात फुंकलं की मेंदूला आधीच कमी मिळणारं रक्त आणखी कमी होतं. डॉक्टर मोरिवाकींनी तेव्हा कानशिलाजवळून रक्ताला नवी वाट करून दिली आणि नाओ वाचली. तेव्हापासून या घरात गरम वाडगा आधी तेत्सुजीपुढे यायचा. तो फुंकायचा, ती खायची. पोरगी चौतिशीला आली तरी रीत तीच.

आणि आता हे. रोग रक्ताच्या नात्यातून येतो म्हणून मोरिवाकींनी गेल्या महिन्यात दोघांनाही यंत्रात घातलं होतं. निकाल ऐकायला नाओ एकटीच आत गेली. घरी आल्यावर तिने भांडी विसळता विसळता सांगितलं, की धुराच्या त्या जाळ्यात, अगदी खोल, एका वाहिनीला फुगा आलाय. फुटला तर खेळ खलास. एवढ्या खोल कवटी उघडून जाणं फार जोखमीचं. म्हणून जांघेतून बारीक नळी सरकवत थेट तिथवर न्यायची आणि डिंकासारखं औषध सोडून फुगा बुजवायचा.

तेत्सुजीला रडू आलं नाही. तो उठला, कामाच्या खोलीत गेला आणि तातामीच्या जाड चटईला काठ शिवत बसला. आतून सगळं बधिर झालं होतं. डाव्या हाताची बोटंही हल्ली बधिर असायची. सुई टोचली तरी रक्त दिसेपर्यंत पत्ता लागायचा नाही. पण जन्मभर सुई धरल्यावर बोटं मरायचीच, त्यात बोंबलायचं काय?

एका गोष्टीचं मात्र त्याला नवल वाटत होतं. पेशंटला तोंडावर सगळं सांगितलं? असलं काही निघालं की डॉक्टर घरच्यांना बाजूला घेतात, ही इथली रीत. फुमिएच्या वेळी, म्हणजे त्याच्या बायकोच्या वेळी, असंच झालं होतं. पोटाचा कॅन्सर आहे, हे डॉक्टरांनी फक्त त्याला सांगितलं. त्याने घरी येऊन फुमिएला सांगितलं, “अल्सर आहे. बरा होईल.”

“बरं,” फुमिए म्हणाली. पुढे वर्षभर, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, तिने एकदाही काही विचारलं नाही. किती भोळी होती बिचारी, असं तेत्सुजीला अजून वाटायचं.

जमाना बदलला असेल, म्हणून त्याने तो विषय सोडून दिला.

“माझी ती नळीची तपासणी खरंच हवी का?” उदोन ओढता ओढता त्याने विचारलं.

“हवी. आधी तुमच्या वाहिन्या नीट बघितल्या की डॉक्टरांना माझ्या वाटा कळतील. अर्ध्या तासाचं काम. तुम्ही बाहेर आलात की मी आत.”

“माझ्यासाठी असतं ना, तर डोक्याकडे कुणाला फिरकू दिलं नसतं. सरळ मेलो असतो.”

“ठाऊक आहे.”

“तुझ्यासाठी म्हणून जातोय.”

“तेही ठाऊक आहे, बाबा.”

वाडगा त्याच्या डाव्या हातातून निसटला. रस्सा टेबलभर झाला. “हात बघ कसे थरथरतात, तुझ्या काळजीने!” तेत्सुजी करवादला. नाओने टेबल पुसलं. बराच वेळ पुसत होती.

सकाळी त्याला ढकलगाडीवर आडवा करून नेलं. दंडात इंजेक्शन दिलं होतं, त्याने जीभ जड झाली होती. नाओ गाडीला धरून चालत होती, अंगावर घरचेच कपडे.

“तू अजून बदललं नाहीस?”

“तुमचं होऊ दे. नंतर बदलते.”

“पाणीबिणी प्यायली नाहीस ना?”

“थेंबसुद्धा नाही.”

“शहाणी माझी,” तेत्सुजी म्हणाला. एरवी असलं काही त्याच्या तोंडून निघत नसे. “घाबरू नकोस. मोरिवाकींचा हात चांगला आहे.”

दाराशी मोरिवाकी उभे होते. केस पार पांढरे झालेले. ते नाओपुढे कमरेत वाकले, नाओ त्यांच्यापुढे वाकली, आणि दोघंही लवकर सरळ होईनात. डॉक्टर आत गेले. गाडी आत घ्यायला एक तरुण नर्स आली. चेहऱ्याने मायाळू होती. तिने नाओच्या पाठीवर हात ठेवला.

“इथे ताटकळत बसू नका हं, ताई. सहा तास तरी लागतील. खाली जाऊन काहीतरी गरम खाऊन घ्या.”

नाओचा चेहरा पांढराफटक पडला. ती घाईघाईने वडिलांवर वाकली. “बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे. नुसती तपासणी.”

तेत्सुजीने तिच्याकडे पाहिलं.

“बरं,” तो म्हणाला.