जांभळा कडुलिंब

"आता परीक्षा नाही, क्लास नाही. तुझ्या मनाला येईल ते काढ," म्हणत श्रीरंगने नव्या रंगांची पेटी कस्तुरीपुढे ठेवली. सकाळीच अकरावीची यादी लागली होती. हव्या त्या कॉलेजात लेक अगदी काठावर शिरली होती, तीही चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण दहावीच्या गुणांत धरले म्हणून. "मी चित्रकलेच्या क्लासला पिटाळलं, म्हणून हा दिवस दिसला!" असं तो दिवसभर फोनवर सगळ्यांना ऐकवत होता.

थोड्या वेळाने त्याने डोकावून पाहिलं. कागदावर बाजार भरला होता. पुढे केळेवाली, शेजारी पिशवी घेतलेली बाई, मागे गोल हिरवं झाड. क्लासमध्ये हेच चित्र तिच्याकडून घोटून घेतलं होतं. विषय कुठलाही येवो, त्यात केळेवाली बसवायची, ही सरांची युक्ती.

"अगं, हे नको. तुझं स्वतःचं काहीतरी काढ."

"हे माझंच आहे की."

श्रीरंगला तिचं लहानपणचं चित्र आठवलं. दारातला कडुलिंब तिने जांभळा रंगवला होता आणि फांदीवर चहा पिणारी म्हैस बसवली होती. ते पाहूनच तर त्याने क्लास शोधला होता. "झाडं हिरवी असतात," असं दरडावलंही होतं.

त्याने पेटीतली जांभळी ट्यूब उघडून तिच्यासमोर धरली. "झाडाला हा लाव ना, बाळा."

कस्तुरीने ट्यूबला टोपण लावलं आणि ती जागच्या जागी ठेवून दिली.

"काहीतरीच काय, बाबा! मार्क जातील."