सुमन आधी हसायची

जळकोटच्या वनमालाबाईंनी तरुणपणी वाचलेली कादंबरी सत्तरीत पुन्हा उघडली. मयताला जमलेले सोयरे जेवणावरून भांडतात, अशी ती गोष्ट. तेव्हा दोघी बहिणी एकच पुस्तक धरून वाचायच्या आणि सुमन भरभर वाचून आधीच हसायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

दुपारी ओसरीवर बाई एकट्याच होत्या. डाव्या कानाशी कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी पुढची ओळ वाचली आणि त्यांनाही हसू फुटलं.

पुढच्या पानावरही तसंच झालं.

“आत्या, कोण आलंय?” सुनेनं आतून विचारलं. “दोघींचं हसू ऐकू यायलंय!”

बाईंनी वळून पाहिलं नाही. आनंदानं पुस्तक तेवढं डावीकडं सरकवलं.

त्यांच्या दोन ओळी राहिल्या होत्या, तोच पान उलटलं.

“थांब की गं सुमे!”

पान परत मागं आलं.