शुभारंभाचा नारळ

घाटकोपरच्या आमच्या पुनर्वसन इमारतीच्या गच्चीवर बिल्डरने सौर पॅनेल बसवली. सर्वांत म्हातारा म्हणून नारळ वाढवायचा मान मला मिळाला. विजेच्या बिलापायी लिफ्ट वर्षभर बंद, त्यामुळे खालून सात मजले जिन्याने चढून गेलो. गुडघे गेलेली माझी बायको चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून खालीच उतरलेली नाही. नारळ उचलला तेव्हा विजेच्या पेटीवरची पाटी दिसली. उतारवयात शिकलेली अक्षरं जुळवून वाचली: वीजपुरवठा - शेजारचा टॉवर, लिफ्ट व कारंजे. "आमची लिफ्ट?" मी विचारलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, त्यांच्या गच्चीवर बाग आहे ना, म्हणून पॅनेल इथे. करारात तसंच आहे. तुमचं नंतर बघू." सोसायटीचा सेक्रेटरी कुजबुजला, "भाऊ, वाढवा ना, फोटोवाला थांबलाय." नारळ काखोटीला मारून घरी उतरलो. "फोडूक नाय?" बायकोने विचारलं. "लिफ्ट चालू झाली की दुसरो आणूया. ह्याची सोलकढी कर."