शुद्धीची नोंद

जिन्यावरून घसरून डोक्यास मार लागल्याने ज्येष्ठ शल्यचिकित्सक आपल्याच रुग्णालयात रुग्ण होऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हस्ते एक मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची होती. परंतु ते पूर्ण शुद्धीवर असल्याची नोंद झाल्यावाचून त्यांस शस्त्रक्रियागृहात प्रवेश मिळणार नव्हता. ती नोंद करण्यास एक प्रौढ परिचारिका कागद घेऊन खाटेपाशी उभी राहिली.

"आज वार कोणता, सर?"

"गुरुवार. ए बाई, आता तू माझी परीक्षा घेणार? नाकापेक्षा मोती जड!"

"शंभरातून सात-सात वजा करत जा."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. झालं समाधान? कर सही."

"एकच राहिलं, सर. ओळखीची माणसं ओळखता येतात का, ते बघायचंय. माझं नाव सांगा."

सरांची दृष्टी लगबगीने तिच्या गणवेशावरील नावाच्या पट्टीकडे वळली. ती पट्टी तिने खोलीत येण्यापूर्वीच काढून खिशात ठेवली होती.

मग तिने सुवाच्य अक्षरांत लिहिले: "बावीस वर्षे सोबत काम केलेल्या व्यक्तीस रुग्ण ओळखत नाही. पूर्ण शुद्धीवर नाही."